गंगापूर रोडचा 'परदेशी स्वयंसेवक' तयारी वर्ग: जायच्या आधीचे पाच रविवार ठीकठाक, परतीचा एक रविवार मात्र पैसे वसूल

गेल्या पंधरा दिवसात तिसऱ्या माणसाने विचारलं की ताई तू तो गंगापूर रोडचा क्लास केला होतास ना, करू का, साडेआठ हजार जास्त वाटतायत, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू.

आधी मी कोण ते. सिडकोत राहते, पेठ तालुक्यात बचत गटांचं काम नऊ वर्षं केलं, मग मागच्या जुलैत युगांडाला गेले, पूर्वेकडे सोरोटी म्हणून शहर आहे तिथे, बायकांच्या बचतीच्या गटांबरोबर व्हॉलंटियर म्हणून ११ महिने. या जूनमध्ये परत. जायच्या आधी हा क्लास केला. क्लासचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण खाली तक्रारी आहेत आणि मॅडमना त्या मी तोंडावर सांगितल्यात, त्यांनी ऐकूनही घेतल्यात, आता चव्हाट्यावर कशाला. आणि नाशिकमध्ये असले क्लास आहेत तरी किती, शोधणाऱ्याला सापडतो.

जागा म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरचा पहिल्या मजल्याचा फ्लॅट, हॉलमध्ये सतरंजी आणि प्लास्टिकच्या खुर्च्या, पार्किंगची बोंब. चालवतात एक निवृत्त जोडपं, मॅडम सार्वजनिक आरोग्यातल्या, स्वतः टांझानियात काही वर्षं काढलेल्या, आणि सर फी घेतात, पावती देतात आणि व्हिसावर बोलतात. सर व्हिसावर खूपच बोलतात. एक अख्खा रविवार त्यात गेला, त्यातलं कामाचं दहा मिनिटांत संपलं असतं: पोलीस क्लिअरन्स पासपोर्टच्याच साइटवरून काढायचा, ५०० रुपये भरून, आणि तो लवकर टाका कारण चौकीतून व्हेरिफिकेशनला किती दिवस लागतील ते तुमच्या नशिबावर. बाकी सगळं त्यांच्या १९९० च्या दशकातल्या आठवणी. वेळ नऊची, सुरू व्हायचं पावणेदहाला, पण चहा चांगला असायचा, गवती चहा घालून.

आमच्या बॅचला नऊ जण होतो आणि निम्म्यांना माहितीच नव्हतं की व्हॉलंटियरिंगमध्ये पण दोन जाती आहेत. मॅडमनी पहिल्याच रविवारी फळ्यावर दोन रकाने काढले, एकावर लिहिलं 'ते तुमचा खर्च करतात' आणि दुसऱ्यावर 'तुम्ही त्यांना पैसे देता'. पहिल्यात संयुक्त राष्ट्रांचा व्हॉलंटियर कार्यक्रम, १९७० पासूनचा, मुख्यालय जर्मनीत बॉनला, आणि व्हीएसओ, ती १९५८ ची ब्रिटनमधली, अशांसारखे, जिथे तुमचं शिक्षण आणि अनुभव बघून घेतात आणि राहण्याखाण्यापुरता भत्ता देतात. दुसऱ्यात ती दोन-तीन आठवड्यांची पॅकेजं, सकाळी शाळेत रंगकाम आणि शनिवार-रविवार सफारी. आमच्यात एक इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा पोरगा होता, त्याने अनाथाश्रमाच्या पॅकेजला ॲडव्हान्स भरून झालेला. मॅडमनी त्याला लेक्चर दिलं नाही, फक्त विचारलं, "तुला भाची आहे ना रे? तिला दर पंधरा दिवसांनी एका नव्या दादाच्या मांडीवर दिलं, लळा लागला की दादा टाटा करून गेला, मग पुढची ताई, असं वर्षभर चाललेलं तुला चालेल का?" मग सांगितलं की असल्या बऱ्याच आश्रमांतल्या कितीतरी मुलांचे आईबाप जिवंत असतात, गरिबीपायी ठेवलेली असतात, आणि परदेशी पाहुण्यांचे पैसे येतात म्हणून मुलं ठेवून घेतली जातात. पोरगा गप्प. त्याचा ॲडव्हान्स बुडाला पण तो गेला नाही. माझ्या मते नुसत्या या तासाला साडेआठ हजारातले तीन हजार द्यायला हरकत नाही.

आता तक्रारी, आणि पहिली म्हणजे ती पुस्तिका. स्पायरल बाइंडिंगची, खालच्याच दुकानात झेरॉक्स मारलेली, आणि कुठल्यातरी इंग्रजी पुस्तकावरून उतरवलेली आहे हे पान उघडताच कळतं कारण सगळ्या फोटोत गोरी पोरं. तिच्यात अजून ट्रॅव्हलर्स चेक घ्या असं लिहिलंय. ते सोडा, हसण्यावारी नेलं, पण यलो फीव्हरच्या लसीचं सर्टिफिकेट दर १० वर्षांनी नवीन करा असं छापलंय, जे २०१६ च्या जुलैपासून बदललंय, आता एकदा घेतली की ते आयुष्यभर चालतं. आमच्यातल्या एका काकांनी २००९ ला घेतलेली, ते बिचारे पुस्तिका वाचून परत लस घ्यायला निघाले होते. बाकी लसीचं मॅडमनी तोंडी बरोबर सांगितलं: ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवलेल्या सेंटरलाच घ्यावी लागते, निघायच्या किमान १० दिवस आधी, आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टइतकंच सांभाळायचं कारण जाताना युगांडाला दाखवावं लागतं ते लागतंच, पण खरी पंचाईत परत येताना, आपल्याच विमानतळावर कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. मी पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन घेतली, गाडीत बसायला जागा मिळाली हेच त्या दिवसातलं मोठं यश.

दुसरी तक्रार किटची. फी वेगळी आणि वर १,९०० रुपयांचं किट घ्यावंच लागतं. त्यात मच्छरदाणी (साधी, औषध न लावलेली, तिथे औषधाची सहज मिळाली), टॉर्च, पाण्याची बाटली आणि एक 'युनिव्हर्सल' ॲडॅप्टर. युगांडात इंग्रजांची चौकोनी तीन पिनांची सॉकेट आहेत. या युनिव्हर्सलला दोन गोल पिना. एंटेबीला उतरल्यावर पहिल्या रात्री फोन चार टक्क्यांवर, आई घरी जागी, तिथले रात्रीचे साडेनऊ म्हणजे आपले बारा, आणि मी गेस्ट हाउसच्या भिंतीपुढे तो ॲडॅप्टर उलटसुलट करत उभी. शेवटी रिसेप्शनवरच्या पोरीने तिचा चार्जर दिला. तर किट घेऊ नका, सर आग्रह करतील, तरी नका घेऊ.

चौथा रविवार मात्र धमाल. घरून बॅग पूर्ण भरून आणायची आणि सगळ्यांसमोर सतरंजीवर रिकामी करायची. माझी २३ किलोची मर्यादा आणि बॅग काट्यावर सत्तावीस. आईने कोंडाजीचा चिवडा अडीच किलो, गोडा मसाला, कैरीचं लोणचं दोन बरण्या आणि तीन लिटरचा कुकर असं सगळं कोंबलेलं. मॅडमनी एकेक वस्तू उचलून विचारायचं, ही कशासाठी, आणि आपण सांगायचं. लोणच्याला मी म्हटलं तोंडाला चव म्हणून, तर म्हणाल्या एक बरणी ठेव. चिवड्याला म्हटलं तिथल्या लोकांना द्यायला, तर हसल्या, "तू दोन दिवसात एकटी संपवशील, एक किलो ठेव." कुकर ठेव म्हणाल्या, पण रबराची रिंग आणि शिट्टी जादाची घे. मसाले, डाळी सगळं काढायला लावलं, कारण कंपालात तूरडाळीपासून हिंगापर्यंत सगळं मिळतं, आणि खरंच मिळतं, आमच्या सिडकोतल्या किराणा दुकानात नसतात तेवढ्या प्रकारचे पापड मी तिथे बघितले. मग रिकाम्या झालेल्या जागेकडे बघून म्हणाल्या, हेल्मेट आहे का?

हेल्मेट! मी म्हटलं मॅडम मी गाडी चालवणार नाहीये. त्या म्हणाल्या, तू मागे बसणार आहेस. तिथे बोडा-बोडा म्हणून बाइकची टॅक्सी असते, सगळा देश तिच्यावर फिरतो, आणि ॲक्सिडेंटही तिच्यावरच. २०२१ ला नाशकात 'नो हेल्मेट नो पेट्रोल' सुरू झालं तेव्हा वैतागून घेतलेलं माझं हेल्मेट कपाटावर धूळ खात होतं, तेच पुसून नेलं, आत मोजे कोंबून, म्हणजे जागा पण वाया गेली नाही. सोरोटीत बोडावाले मला लांबून ओळखायचे ते त्या निळ्या हेल्मेटमुळे. डिसेंबरात एकदा खडीवर गाडी घसरली, कोपर सोललं, हेल्मेटला चरा गेला. डोकं शाबूत. यापुढे त्या क्लासबद्दल मी फार वाईट बोलू शकत नाही ते याच्यामुळे.

भाषेचा तास वाया. दोन तास स्वाहिली शिकवली, जांबो, असांते वगैरे, आणि सोरोटीत बायका बोलतात आतेसो. तिथे नमस्काराला म्हणतात 'योगा'. मला कोणी सांगितलेलंच नाही. पहिले तीन दिवस जो भेटेल तो हात हलवून "योगा!" म्हणतोय आणि मला वाटतंय भारतातून आलेय म्हणून विचारतायत, मी आपली मान डोलावून "यस यस, लिटल लिटल". चौथ्या दिवशी ऑफिसातल्या मुलीला विचारलं की तुम्हा सगळ्यांना योगाचं इतकं कसं वेड, तेव्हा ती टेबलावर डोकं ठेवून हसली.

पण सगळ्यात मोठी उणीव वेगळी आहे आणि ती मी मॅडमना सविस्तर सांगितली. पूर्ण कोर्समध्ये एक ग्राफ आहे, आधी आनंद, मग घसरगुंडी, मग हळूहळू रुळणं, त्याला कल्चर शॉक म्हणतात, तो सगळा परक्या गोऱ्या माणसाच्या नजरेतून लिहिलेला. नाशिकची बाई तिथे गेली तर तिला कोण समजतात, हे कुठेच नाही. युगांडात भारतीय माणूस म्हणजे दुकानदार, म्हणजे शेठ. इंग्रजांच्या काळापासून तिथे आपले लोक, जास्त करून गुजराती, व्यापार करत होते, १९७२ मध्ये इदी अमीनने ९० दिवसांची मुदत देऊन आशियाई लोकांना हाकललं, पुढे बरेच जण परत आले, आज पण मोठी दुकानं, साखर कारखाने त्यांचेच. हे मला तिथे जाऊन कळलं. पहिल्या मीटिंगला आंब्याच्या झाडाखाली वीसेक बायका चटयांवर, आणि माझ्यासाठी एकटीसाठी खुर्ची. मी खाली बसायला गेले तर दोघींनी दंडाला धरून परत खुर्चीत. मग एकीने विचारलं, तुमचं दुकान कुठलं? म्हटलं दुकान नाही. मग कारखाना? म्हटलं तो पण नाही. बायकांनी एकमेकींकडे बघितलं, की मग ही बया आलीय तरी कशाला. पेठमध्ये नऊ वर्षं मी 'ताई' होते, इथे एका दिवसात शेठाणी झाले, आणि ते पुसायला दोन महिने लागले.

पुसलं कशाने, तर नागलीने, म्हणजे नाचणीने. एका घरी जेवायला वाढलं, आताप म्हणतात, तपकिरी रंगाचा घट्ट गोळा, बरोबर शेंगदाण्याच्या कुटातली पालेभाजी. वास आला आणि मी जागेवरच म्हटलं ही तर नागली! थोडा कसावा होता त्यात, पण नागलीच. मी त्या बाईला दाणे दाखवा म्हटलं, तिने टोपलीतून मूठभर काढले, बारीक लालसर, सुरगाण्याच्या बाजारात मिळतात तसलेच. नागली मुळात पूर्व आफ्रिकेचीच, हजारो वर्षांपूर्वी तिकडून आपल्याकडे आली, हे मी पूर्वी कुठेतरी वाचलेलं, पण हातात घेऊन बघण्यात वेगळं आहे. फोनमधला पेठच्या एका मावशींचा भाकरी थापतानाचा फोटो दाखवला. फोन हातोहात सगळ्या अंगणात फिरला. त्या दिवसानंतर खुर्ची गेली.

काम काय केलं ते पण थोडक्यात, कारण क्लासमध्ये विचारतात. तिथल्या गटांची पद्धत वेगळी, ती १९९१ मध्ये नायजर देशात केअर संस्थेने सुरू केली आणि मग आफ्रिकाभर पसरली. बँक नाही. पंधरा ते पंचवीस जणी, लोखंडी पेटी, पेटीला तीन कुलुपं, तीन किल्ल्या तीन वेगळ्या बायकांकडे आणि पेटी चौथीकडे. दर मीटिंगला प्रत्येकीने एक ते पाच शेअर, म्हणजे बचतीचे ठरलेल्या रकमेचे वाटे, घ्यायचे, पासबुकात तेवढे शिक्के, आणि वर्ष संपलं की पेटी रिकामी करून सगळं वाटून टाकायचं. मी आपल्याकडच्या बचत गटांच्या १९९२ पासूनच्या बँक जोडणीचं ज्ञान पाजळायला गेलेले, नाबार्ड, कर्ज, व्याज, आणि त्यांनी मला विचारलं की बँक कुठेय? सर्वात जवळची बावीस किलोमीटर. मग मी गप्प बसून शिक्के मोजायला शिकले.

आता परतीचं. हेच खरं लिहायचं होतं.

क्लासच्या फीमध्ये 'परतीचा रविवार' फुकट आहे, दर तीन महिन्यांनी एकदा, परत आलेल्या कोणीही यायचं. जाहिरातीत तो सगळ्यात खाली बारीक अक्षरात, सर तर सांगतच नाहीत. मी चार महिने गेले नाही. गरज काय, घरी तर आलेय. तोवर काय झालं, तर नातेवाइकांनी पाच मिनिटं ऐकलं आणि विचारलं, सिंह बघितलास का. एका काकूंनी विचारलं तिथे कपडे घालतात का. जुन्या संस्थेत माझ्या जागी दुसरी मुलगी, ते बरोबरच आहे, पण इंटरव्ह्यूला गेले की समोरचा म्हणायचा, म्हणजे एक वर्षाचा गॅप आहे तुमचा.

आणि त्यातच ताप. मॅडमनी जाताना एक कागद दिलेला, तो पुस्तिकेतला नाही, त्यांनी हाताने लिहिलेला: मलेरियाची गोळी परत आल्यावर लगेच बंद करायची नाही, माझी डॉक्सीसायक्लिन होती तर पुढे चार आठवडे चालू, दुसरी असेल तर तुमच्या डॉक्टरला विचारा, तिथल्या तळ्यात उतरला असाल तर बिलहार्झियाची (पाण्यातल्या कृमींमुळे होणारा आजार) टेस्ट, आणि परत आल्यावर काही महिन्यांत कधीही ताप आला तर डॉक्टरने विचारायची वाट न बघता पहिलं वाक्य 'मी आफ्रिकेतून आलेय'. जुलैत १०३ ताप आला. डॉक्टरांनी विचारलं नाहीच, व्हायरल म्हणून लिहायला लागले, मी ते वाक्य म्हटलं आणि त्यांचा पेन थांबला. मलेरियाच्या दोन टेस्ट, दोन्ही निगेटिव्ह. निघाला डेंगी. अकरा महिने आफ्रिकेत काही नाही आणि डास चावला तो सिडकोतला, आमच्याच गच्चीवरच्या टाकीपाशी बहुतेक.

तर ऑक्टोबरात गेले शेवटी परतीच्या रविवारी. आम्ही फक्त तिघं, मी, नेपाळहून आलेला एक फिजिओथेरपिस्ट आणि झांबियात गणित शिकवून आलेल्या एक निवृत्त बाई. मॅडमनी मधे उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांची परात ठेवली आणि म्हणाल्या, प्रत्येकाला पाऊण तास, मधे कोणी बोलायचं नाही, शेंगा सोलायच्या. बस्स, एवढाच कार्यक्रम. पाऊण तास म्हणजे किती असतो माहितीये? पहिली दहा मिनिटं मी तेच सांगितलं जे सगळ्यांना सांगून पाठ झालेलं, पेटी, नागली, योगाचा जोक. मग संपलं. कोणी बोलेना, शेंगांचा टकटक आवाज. आणि मग जे यायला लागलं ते मी घरी कोणाला सांगितलं नव्हतं, की एका गटाची पेटी चोरीला गेलेली, पेटी माझ्या सांगण्यावरून दुसऱ्या घरी हलवलेली, आठ महिन्यांची बचत, आणि त्या बायकांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, उलट निघताना वाटेत खायला शेंगदाणे बांधून दिले. मी रडले की नाही ते सांगत नाही. झांबियावाल्या बाईंनी फक्त सोललेल्या दाण्यांची वाटी माझ्याकडे सरकवली.

दुसऱ्या भागात मॅडम एकदम कोरड्या. बायोडेटा काढा. माझा 'युगांडामध्ये ११ महिने स्वयंसेवक' ही ओळ खोडली आणि विचारत गेल्या, किती गट, किती बायका, हिशोब कोण लिहायचं, तुझ्यामुळे काय बदललं, पेटी गेल्यावर काय केलंस. शेवटी ओळी झाल्या: १४ गटांच्या हिशोबाची तपासणी, २६ हिशोबनीस बायकांचं प्रशिक्षण, चोरीनंतर पेटी ठेवण्याचे नवे नियम गटांबरोबर बसून ठरवले. तीच बाई, तेच वर्ष, पण पुढच्या इंटरव्ह्यूला गॅप हा शब्द कोणी काढला नाही. नोव्हेंबरपासून नवीन नोकरी आहे, परत पेठ-सुरगाण्याचीच.

पहिल्याच मीटिंगला उत्साहात तीन कुलुपांची पेटी सांगितली तर बायका म्हणाल्या, "ताई, बँक आहे की आपल्याला, पेटी कशाला?" बरोबर आहे. पण एक म्हातारी आजी मागून म्हणाल्या, "किल्ल्या तीन घरात, म्हणजे नवऱ्याने मागितले तरी एकटीला उघडता यायची नाही, हे बरंय."

तर करायचा का क्लास? पहिल्यांदाच जात असाल आणि कोणी अनुभवी ओळखीचं नसेल तर करा, व्हिसाचा रविवार दांडी मारलात तरी चालेल, किट घेऊ नका, पुस्तिकेवर विश्वास ठेवू नका, मॅडम तोंडाने बोलतील ते लिहून घ्या. पाचपैकी साडेतीन स्टार. मॅडम म्हणाल्यात पुस्तिका नवीन करतायत आणि भारतीय म्हणून तिथे काय होतं यावर मीच एक तास घ्यायचा, बघू, मानधनाचं सरांशी बोलणं व्हायचंय. पुढचा परतीचा रविवार संक्रांतीनंतरचा आहे, आधी क्लास केलेला नसेल तरी फोन करून येऊ देतात असं मॅडम म्हणाल्या. तिळाचे लाडू मी नेणारे. सोरोटीच्या बसस्टँडवर पण पोरं खिडकीशी येऊन अस्सेच तिळाचे गोळे विकतात, सिमसिम म्हणून, फक्त आपल्यापेक्षा जरा कडक.